बेत मोडला नाही, जागा बदलली: सोलापूरच्या बायकांचा रानातला मुक्काम

सोलापूरच्या बायका रात्री घराबाहेर राहत नाहीत, असं कुणी म्हणू नये. कोजागिरीच्या सुमाराला तुळजापूरला चालत जातात, रस्त्याकडेला दोन घटका टेकतात आणि पुन्हा चालू लागतात. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात पथाऱ्या टाकतात. लग्नाच्या आदल्या रात्री कार्यालयाच्या हॉलमध्ये एकीला एक लागून झोपतात. पण या प्रत्येक रात्रीमागे घराला पटेल असं कारण असतं: देव, कार्य, नाहीतर दवाखाना. "आम्हाला एक रात्र रानात तंबूत झोपायचंय" हे कारण कुणाच्या घरात चालेल, हा आमच्या भिशीपुढचा प्रश्न होता. तो कसा सुटत गेला, मध्येच वाघ आल्यावर काय झालं आणि शेवटी आम्ही कुठे झोपलो, त्याची ही नोंद. गटाच्या बैठकांची वही माझ्याकडे असते. कोण काय बोललं ते बरंचसं त्यातूनच उतरवते आहे. नावं गाळली आहेत.

गट अठरा जणींचा. सगळ्यात धाकटी सत्तावीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकू अडुसष्टच्या. निम्म्याजणींच्या घरी मराठी, बाकीच्यांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड, त्यामुळे गटात ताई, वहिनी आणि अक्का तिन्ही चालतात. दोघी शाळेत शिकवतात, एक बँकेत, एक नर्स, तिघी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत शिलाईवर, एक अक्का अजूनही घरी विड्या वळतात. बाकीच्या घर सांभाळतात.

विषय निघाला २०२४ च्या दिवाळीनंतरच्या भिशीत. शिलाईवरची एक ताई म्हणाली, "सहलीला जायचं आणि तिथं पण स्टोव्हपाशीच बसायचं, हे आता बास. मला एकदा झाडाखाली नुसतं पडायचंय." वहीत हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं. पुढे जेव्हा जेव्हा बेत भरकटायला लागला, कुणी रिसॉर्ट सुचवलं, कुणी डीजे सुचवला, तेव्हा तेव्हा आम्ही या वाक्याकडे परत आलो.

पहिला बेत येडशीचा होता. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत महामार्ग क्रमांक ५२ ने गेलं की नव्वदेक किलोमीटरवर येडशी येतं. तिथे बालाघाटाच्या डोंगररांगेत रामलिंगाचं देऊळ आहे आणि त्याभोवती येडशी रामलिंग घाट अभयारण्य, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, बावीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं. आमच्याकडे बाभळी आणि कुसळं बघून मोठ्या झालेल्या माणसाला झाडांनी भरलेली दरी पाहायची असेल, तर ही जवळची जागा. शिवाय देऊळ असल्यामुळे घरी सांगायला सोपं, हेही खरं कारण होतं आणि ते कुणी लपवलं नाही.

तारीख ठरवायला दोन बैठका गेल्या. ३० डिसेंबरला वेळ अमावस्या, त्या दिवशी ज्यांची शेतं आहेत त्या सगळ्या शेतात. १२ ते १६ जानेवारी गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक आणि १३ तारखेचा अक्षता सोहळा सोडून सोलापूरची बाई गाव सोडणार नाही. १४ ला संक्रांत, तिथून रथसप्तमीपर्यंत, म्हणजे ४ फेब्रुवारीपर्यंत, घरोघर हळदीकुंकू, पण त्यातली एखादी संध्याकाळ सोडता येते. २६ जानेवारी रविवारी, म्हणजे शाळेतल्या दोघींना सकाळी झेंडावंदन. बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीपासून आणि तिघींची मुलं बारावीला. फेब्रुवारीच्या मध्यानंतर गवत वाळून कोळ होतं आणि वणव्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा रानात मुक्काम नकोच. असं सगळं वजा करत गेलं की उरला शनिवार, १८ जानेवारी. आदल्या दिवशी संकष्टी, म्हणजे उपवासही त्याच रात्री सुटलेला. बाईच्या वर्षात स्वतःसाठी मोकळी रात्र किती शोधावी लागते, हे त्या वहीच्या पानावर उघडं दिसतं.

मग घरची परवानगी. हा शब्द काहीजणींना खटकला आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण ज्यांना ती घ्यावीच लागते त्यांच्यापुढे तत्त्व सांगून भागत नाही. बँकेतल्या ताईंनी एक चांगली युक्ती काढली. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून एका बाजूला 'घरची भीती' आणि दुसऱ्या बाजूला 'जागेचा धोका' असं लिहायला सांगितलं. प्रत्येकीने आपल्या घरी काय बोललं गेलं ते सांगायचं आणि ते कुठल्या बाजूला जातं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

पहिली बाजू भराभर भरली. सोबत कुणी पुरुष नाही. लोक काय म्हणतील. आपल्यात असं कुणी करत नाही. सासूबाईंना रात्रीची गोळी कोण देणार. नातू आजीशिवाय झोपत नाही. दुसऱ्या बाजूला मात्र घरून आलेलं जवळजवळ काहीच नव्हतं. ती बाजू आम्हालाच भरावी लागली: रात्रीचा महामार्ग, उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांना मागे दिवा नसणं; वाळलेल्या गवतात आग; अंधारात शौचाला जाताना पाय मुरगळणं; जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावणं; थंडी; आणि सगळ्यात खात्रीने घडणारी गोष्ट म्हणजे आडोसा नाही म्हणून बायकांनी दिवसभर पाणीच न पिणं. नर्सताई म्हणाल्या, "वाघाबिघापेक्षा मला लघवीच्या जळजळीची जास्त काळजी आहे. सहलीहून आल्यावर दोघी-तिघी तरी माझ्याकडे येतात." वाघाचा उल्लेख तेव्हा निव्वळ बोलण्यात आला होता.

या रेघेचा फायदा असा झाला की भीतीला धोक्याचं उत्तर देण्याची सवय सुटली. नातू झोपत नाही, यावर कितीही चांगला तंबू आणला तरी उपयोग नाही. त्यावर उपाय म्हणजे आजोबांनी आठवडाभर आधीपासून त्याला झोपवायला लागायचं. ते त्यांनी केलं. आणि उलटही: "काही होत नाही गं, आम्ही आहोत ना" असं म्हणून मण्यार दूर राहत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण अनेक गटांना ती माहीतच नसते. अभयारण्य ही मोकळी जागा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे आत जायला वनविभागाची परवानगी लागते, पर्यटनासाठी ती मिळू शकते. पण हवा तिथे तंबू ठोकता येत नाही. कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवता येत नाही, कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. राखीव वनात १९२७ च्या वन कायद्याचे आगीबद्दलचे आणि घुसखोरीबद्दलचे निर्बंध वेगळे. त्यामुळे आमचा येडशीचा बेतसुद्धा दिवसा जंगल आणि देऊळ, रात्री अभयारण्याच्या हद्दीबाहेर मुक्काम, असाच होता. शेकोटीभोवती गाणी म्हणतानाचे फोटो पाहून ज्यांनी जंगलाची कल्पना केली होती त्या जरा हिरमुसल्या. पण नियम वाचून दाखवल्यावर कुणी वाद घातला नाही.

आणि मग डिसेंबर संपता संपता बातमी आली: येडशीच्या जंगलात वनविभागाच्या कॅमेऱ्यात वाघ आला आहे.

बिबट्या नव्हे, पट्टेरी वाघ. कित्येक दशकांनी या भागात. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचं पुढे आलं, म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत, शेतं आणि रस्ते ओलांडत आलेला. वयात आलेले नर असे स्वतःची हद्द शोधत निघतात. टिपेश्वरचाच 'वॉकर' नावाने ओळखला गेलेला वाघ २०१९ मध्ये निघून, तेलंगणातही फिरून, बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून तीन हजार किलोमीटरहून मोठी ती वाट नोंदली गेली. येडशीचा वाघ बार्शी तालुक्याच्या त्या बाजूलाही फिरत होता, गुरं मारत होता. जानेवारीत त्याला पकडण्यासाठी ताडोब्याहून पथक आलं.

आमच्या घरांमध्ये या बातमीला दुसरी एक आठवण चिकटली. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. ते दिवस आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे वाघ म्हटल्यावर घरोघर एकच वाक्य निघालं: "झालं! आता बसा घरी."

त्या आठवड्यातली बैठक ही या सगळ्या प्रकरणाची कळ आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. तीन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, रद्द करू, पुढच्या वर्षी बघू. दोघी-तिघी म्हणाल्या, जाऊच की; वाघ माणसाला बघून लांब जातो, आणि गावातली माणसं रोज तिथे राहतातच ना. तिसरं मत असं निघालं की जायचं, पण घरी वाघाचं सांगायचं नाही. नाहीतर रात्रीच्या आत सगळ्यांचे फोन येतील.

शाळेतल्या एका बाईंनी पहिल्यांदा तिसऱ्या मताला हात घातला. "लपवून गेलो आणि नुसता पाय जरी मोडला, तरी पुढची दहा वर्षं या गल्लीतली एकही मुलगी कॅम्पला जाणार नाही." यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. ते मत तिथेच संपलं, आणि ते संपणं मला अतिशय महत्त्वाचं वाटतं. बायकांच्या सहलीत लपवालपवी फार सहज शिरते. घरच्यांना त्रास नको म्हणून आपणच अर्धं सांगतो आणि मग अर्ध्या खोट्याची राखण करत रात्र काढतो.

दुसऱ्या मताचं उत्तर आमच्याकडून निघालं नाही, ते जंगलातून आलं. बँकेतल्या ताईंनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला आणि तिथून विचारत विचारत एका महिला वनरक्षकाशी बोलणं झालं. त्यांनी घाबरवलं नाही. म्हणाल्या, "ताई, वाघ तुमच्यावर चालून येईल म्हणून मी नको म्हणत नाही. आमची माणसं रात्ररात्र फिरतायत, त्या जनावराला आधीच हाकाटीचा त्रास झालाय. त्यात अठरा बायका, दोन गाड्या, दिवे, आवाज. तुमच्यातल्या एकीला काही झालं, तर आमची निम्मी माणसं तुमच्याकडे धावतील." हे ऐकल्यावर बैठकीतला सूर बदलला. न जाण्याचं कारण आता आमची भीती राहिलं नव्हतं. त्या जंगलाला, त्या गावांना आणि तिथे राबणाऱ्या माणसांना आत्ता आमची अडचण झाली असती, हे कारण होतं. ते प्रत्येकीला पटलं, जाऊच म्हणणाऱ्यांनाही.

मग पहिल्या मताचा प्रश्न उरला: येडशी नाही, म्हणजे बेतच रद्द का? इथे मोठ्या काकू बोलल्या. एरवी त्या बैठकीत गप्पच असतात. "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत माझी अडुसष्ट झाली. वाघ येडशीत आहे, सगळ्या जिल्ह्यात नाही. दुसरं रान बघा." वहीत त्या दिवशीचं शेवटचं वाक्य आहे: तारीख तीच, जागा नवी.

जागा मिळाली ती एकीच्या माहेरच्या शेताची. बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरच्या आत, नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या बाजूला पण त्याच्या हद्दीबाहेर. एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला पडीक माळ, मध्ये चिंचेची दोन जुनी झाडं. "हे काय जंगल?" असं बोललं गेलंच. या प्रश्नाबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. आपल्याकडे झाड नाही ती जमीन पडीक, असा हिशेब असतो. म्हणून माळावर कुणीही काहीही करतं. पण सोलापूरचं खरं रान हे माळरानच. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं तेव्हा त्याचा पसारा सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरपर्यंत होता. पुढे तो बाराशे बावीसवर आणला गेला. माळढोक तर आता दिसेनासाच झाला आहे. काळवीट आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे, जमिनीवर घरटं करणारे पक्षी आहेत. नगरची मुलं सह्याद्रीला जातात, आमची मुलं महाबळेश्वरला जातात आणि घरापासून अर्ध्या तासावरचा हा प्रदेश कुणी पाहिलेला नसतो. वाघामुळे का होईना, आम्ही तिकडे वळलो, याचा मला आनंद आहे.

जागा बदलल्यावर बाकीची बरीच गणितं सोपी झाली. महामार्ग टळला. खर्च उतरला; माणशी दीड हजाराची मर्यादा होती, त्याच्या बऱ्याच आत बसलं. विडीवाल्या अक्कांना तेवढेही एकदम जड होते, म्हणून भिशीतूनच दिवाळीपासून महिन्याला थोडे बाजूला काढायची पद्धत सगळ्यांनाच लावली. कुणा एकीसाठी सवलत असं दिसू दिलं नाही.

पुरुष सोबत हवा की नको, यावर माझ्या अंदाजापेक्षा कमी वाद झाला. शेतावर सालगडी आणि त्याची बायको राहतात. ती मावशी म्हणाली, "मी हाय की राखणीला. ह्यांना कशाला मधी आणताव?" दोघंही आपल्या खोलीत, आम्ही चिंचेखाली, शंभर पावलांवर. एका गाडीचा ड्रायव्हर शेताच्या दारात गाडीत झोपला, गाडीचं तोंड रस्त्याकडे. ही गाडी रात्रभर थांबवायचीच, हा नर्सताईंचा आग्रह होता: कुणालाही, कुठल्याही वेळी, कारण न सांगता घरी परतता आलं पाहिजे. गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवलं. शेताचा गट नंबर, जवळच्या फाट्याचं नाव आणि नकाशावरची खूण प्रत्येकीच्या फोनमध्ये आणि एका कागदावरही होती. १०८ ला फोन लावला तर पहिला प्रश्न 'कुठे?' हाच येतो. प्रत्येकीच्या गोळ्या, रक्तगट, घरचा नंबर एका पाकिटात नर्सताईंकडे. आणि सर्पदंशाला सरळ सिव्हिल, मध्ये कुठेही थांबायचं नाही, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला भाग हलवायचा नाही, हे दोनदा वाचून दाखवलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही शौचाच्या सोयीवर घालवला आणि तो सत्कारणी लागला. शेतावर एक पक्कं शौचालय होतं. अठराजणींना ते पुरणार नाही, म्हणून दोन उभे आडोशाचे तंबू विकत घेतले. भाड्याचे मिळत होते, पण त्यांच्या चेन तुटक्या होत्या. वीतभराहून थोडा खोल खड्डा, विहिरीपासून आणि पाटापासून लांब, शेजारी मातीचा ढीग आणि डबडं, राख एका बादलीत. तंबूपर्यंतच्या वाटेवर संध्याकाळीच दगड वेचून पांढरी दोरी बांधली आणि कमी उजेडाचे कंदील ठेवले. रात्री एकटीने जायचं नाही. प्रत्येकीची जोडी ठरलेली, आणि जोडीदारणीला उठवायला संकोच करायचा नाही. हे शेवटचं बोलून दाखवावं लागतं. चाळिशीपुढच्या काही बायकांना रात्रीतून दोन-तीनदा जावं लागतं, त्या दुसरीची झोपमोड नको म्हणून दाबून ठेवतात. नर्सताईंनी संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, "आज जी पाणी पिणार नाही तिची मी उद्या भिशी बंद करीन." हसल्या सगळ्या, पण प्यायल्या.

पाळी आलेल्या दोघी होत्या. देवळाचा प्रश्न जागा बदलल्याने आपोआप गेला होता, तरी आम्ही आधीच ठरवलं होतं की कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुठे शिवायचं नाही हा विषयच नाही. पॅड जमिनीत पुरायचे नाहीत आणि जाळायचेही नाहीत. कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत परत आणायचे आणि शहरात घंटागाडीत, वेगळं करून, द्यायचे. त्यासाठी झाकणाचा डबा तंबूतच ठेवला होता, म्हणजे पिशवी हातात घेऊन सगळ्यांसमोरून चालत यायला लागू नये.

झोपण्याबद्दल काकूंचं ज्ञान उपयोगी पडलं. सोलापुरी चादर आमचा अभिमान आहे, प्रत्येकीने दोन-दोन घेतल्या होत्या. पण सुती चादर उघड्या माळावर पहाटेच्या दवाने ओलसर होते आणि मग ऊब देत नाही. काकूंनी घोंगडी आणायला लावली. लोकर ओलावली तरी ऊब धरते. धनगर तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या निभावत आलेत. खाली ताडपत्री, वर घोंगडं, त्यावर सतरंजी, पांघरायला चादर आणि पुन्हा घोंगडं. तंबूची चेन मुंगी शिरणार नाही अशी बंद. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही, झोपेत कळत नाही. म्हणून उघड्यावर जमिनीवर कुणीही झोपायचं नाही, कितीही चांदणं असलं तरी. ज्यांना आकाशच बघायचं होतं त्यांच्यासाठी मावशींच्या दोन बाजा होत्या. शेगडी किंवा निखारे तंबूत न्यायचे नाहीत, यावर मात्र सक्ती होती. बंद जागेत कोळशाच्या विषारी वायूने झोपेतच माणूस जातो.

जेवणाचं फार सांगत नाही. चूल पेटवायची नाही हे त्या पहिल्या वाक्यानेच ठरलं होतं. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, दही, घट्ट पिठलं घरून डब्यात. हुरडा मात्र तिथलाच. आगटी रान साफ करून, कडब्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला खणलेली, शेजारी पाण्याचं पिंप. भाजायचं काम मावशी आणि तिच्या नवऱ्याने केलं आणि त्याचे त्यांना रीतसर पैसे दिले. आम्ही फक्त हातावर चोळून खाल्लं. आग विझवल्यावर राखेत पाणी ओतून हात लावून पाहिला.

त्या संध्याकाळी आकाशाने साथ दिली. १८ जानेवारीला पश्चिमेला शुक्र आणि शनी अगदी जवळ आले होते, डोक्यावरच्या बाजूला गुरू, पूर्वेला लालसर मंगळ, तो दोनच दिवसांपूर्वी सूर्यासमोर आल्यामुळे नेहमीपेक्षा ठळक. पंचमीचा चंद्र उशिरा उगवणार होता, त्यामुळे रात्रीचा पहिला प्रहर पूर्ण काळोख. शाळेतल्या बाई एकेक दाखवत होत्या. शिलाईवरची ताई ताडपत्रीवर आडवी होती, तिला कुणी उठवलं नाही. माळाच्या बाजूने कोल्हेकुई ऐकू आली तेव्हा दोघी तंबूत गेल्या आणि थोड्या वेळाने परत बाहेर येऊन बसल्या.

अकराच्या सुमाराला एकीच्या घरून फोन आला, सासूबाईंना दम लागला होता. थांबलेली गाडी दहा मिनिटांत निघाली, जोडीदारीण तिच्याबरोबर गेली. सासूबाईंना वाफ दिल्यावर बरं वाटलं. त्या घरात दुसऱ्या दिवशी जे बोललं गेलं ते असं: "बोलावल्यावर आली की लगेच." बाहेर राहिलेली बाई वेळेला येऊ शकते, हे त्या घराने पाहिलं. गाडी थांबवण्याच्या खर्चावरून आमच्यात कुरबूर झाली होती. तो खर्च मी पुढच्या प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत लिहीन.

सकाळी माडगं पिऊन नान्नजला गेलो, वनविभागाच्या माणसाबरोबर, आवाज न करता. काळवीटांचा कळप लांबून दिसला, एक काळा नर मान ताठ करून आमच्याकडे बघत होता. माळढोक दिसणार नाही हे आधीच सांगितलेलं होतं. तरी परतताना बराच वेळ त्याच्याबद्दलच बोलणं चाललं, आणि काकूंनी लहानपणी शेतात पाहिलेला मोठा पक्षी तोच असावा की काय, यावर एकमत झालं नाही.

अठरापैकी प्रत्यक्ष आलेल्या पंधरा. गळालेल्या तिघींपैकी दोघींच्या घरचा नकार शेवटपर्यंत बदलला नाही. त्या दोन नकारांवर आमच्याकडे उपाय नव्हता, आणि 'तुम्ही खंबीर नाही' असं त्यांना कुणी म्हणायचं नाही हे ठरलं. त्यांचे साठलेले पैसे परत केले. तिसरीला ऐनवेळी ताप आला, तिच्यासाठी हुरडा बांधून आणला.

आडोशाचे दोन्ही तंबू, दोरी आणि कंदील आता शाळेतल्या बाईंच्या माळ्यावर धुऊन, वाळवून ठेवले आहेत. शहरातल्या कुठल्याही महिला गटाला ते नेता येतात. भाडं नाही, फक्त चेन नीट आहे का ते बघून परत द्यायचे. येडशीचा बेत सोडलेला नाही. वनविभागाला विचारून, दिवसा जंगल आणि रात्री हद्दीबाहेर मुक्काम याच अटीवर, गड्डा आणि हळदीकुंकवाच्या दिवसांतून एक शनिवार पुन्हा शोधायचा आहे. ते काम यंदा त्या न आलेल्या दोघींपैकी एकीने मागून घेतलं आहे.